कडूबाईची म्हैस आणि आवाज समिती

१४ ऑक्टोबर

डॉक्टरांनी बीपीची गोळी वाढवली आणि इन्शानं ही वही आणून दिली. म्हणाली, अब्बा, राग आला की बोलू नका, लिहा. मी म्हटलं, मला राग येतच नाही. त्यावर ती आणि तिची आई शरिफा एकमेकींकडे बघून हसल्या आणि मला राग आला. म्हणून लिहितो.

पण आजचा दिवस आनंदाचा. ग्रामसभेनं मला गावच्या आवाज नियंत्रण समितीचा अध्यक्ष केलं. सरपंच रोहिणीताई म्हणाल्या, आवाजातलं ज्याला कळतं असा माणूस पाहिजे, आणि सगळी सभा माझ्याकडे वळली. बरोबरच आहे. सगळी हयात ब्रास बँड चालवण्यात गेली. फक्रुद्दीन मास्तर आणि पार्टी हे नाव बेलापुरात माहीत आहे, संगमनेरात माहीत आहे, पार राजूरच्या डोंगरात लग्नं वाजवून आलोय. शेजारी बसलेले श्रीमंतअण्णा पुटपुटले की हे लचांड गळ्यात घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. अण्णांना प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे.

तक्रार कडूबाईंची. आमच्या तालमीच्या खोलीमागं त्यांचा गोठा, मध्ये एक भिंत. गणपतीचे सगळे दिवस अंगदचा डीजे गावात दणदणत होता आणि तेवढे दिवस कडूबाईंच्या म्हशीनं पान्हा चोरला. रेडकू सोडलं, पेंड घातली, पाठीवरून हात फिरवला, म्हैस ढिम्म. विसर्जन झालं आणि दोन दिवसांत पुन्हा बादली भरायला लागली. याहून स्पष्ट पुरावा काय पाहिजे? आमची पार्टी त्या दिवसांत संगमनेरच्या मंडळांकडे कामावर होती, त्यामुळे मी डोळ्यांनी काही पाहिलं नाही. पण मुकं जनावर खोटं कशाला बोलेल.

अंगद माझ्याच हाताखाली ट्रम्पेट शिकला. लहानपणापासून रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसायचा. मग एक दिवस त्याला डीजेचं वेड लागलं आणि बँड सोडून गेला. जाताना बँडचा लाल कोट धुऊन, इस्त्री करून, बटणं चमकवून परत दिला. तो मी ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलाय, दुसऱ्या कुणाला बसत नाही म्हणून. मला अंगदचा अजिबात राग नाही. अध्यक्ष म्हणून तर नाहीच नाही.

१७ ऑक्टोबर

समितीची पहिली बैठक. रोहिणीताईंनी सभासद मोठे चमत्कारिक निवडलेत. तक्रारदार म्हणून कडूबाई आणि धंद्यातला माणूस म्हणून खुद्द अंगद. मांजराला दुधाच्या समितीवर घेतल्यासारखं.

गावठाणात मिरवणुकीचा आवाज किती असावा, हे ठरवायचं होतं. रोहिणीताई म्हणाल्या, वरचा कायदा आहेच, पण आपल्या गल्ल्या आपल्याला माहीत. म्हातारी माणसं, बाळंतिणी, दहावीची पोरं यांचं बघा आणि ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांचंही बघा. मग त्यांनी मला आकडा सुचवायला सांगितलं. मी इंटरनेटवरून माहिती काढली होती. डीजे शंभरच्या वर जातो. मी म्हणालो, पासष्ट. वर एक डेसिबलसुद्धा नको.

मग अंगदनं विचारलं, "येवढ्यात बसंल का सगळ्यांचं, मास्तर?"

मी म्हटलं, कायदा सगळ्यांना सारखा. टाळ्या झाल्या नाहीत, पण व्हायला हव्या होत्या. ठरावावर पहिली सही माझी. एक गोष्ट मात्र टोचली. पूर्वी तो मला वस्ताद म्हणायचा. आता साऱ्या गावासारखं मास्तर म्हणतो.

२३ ऑक्टोबर

इन्शाचं लग्न ठरलं. मुलगा अझहर संगमनेरचा, कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला. कमी बोलतो. आमच्या घरात एक तरी तसा पाहिजेच होता. निकाह डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी, आपल्याच दारात.

इन्शा झाली त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून मी सगळ्या पार्टीला सांगितलं होतं की हिचा नवरा वेशीतून येईल तेव्हा माझा बँड त्याच्यापुढं असेल. जन्मभर दुसऱ्यांच्या जावयांपुढं वाजवलं. घोड्यावर कोण बसलंय तेसुद्धा कधी मान वर करून पाहिलं नाही. एकदा आपल्या जावयापुढं वाजवायचं, मग ट्रम्पेट खुंटीला टांगली तरी चालेल. सलामीची चाल मी तेव्हाच बसवून ठेवली आहे आणि ती आजवर कुणाच्याही लग्नात वाजवलेली नाही. फक्त तालमीत वाजवतो.

शरिफानं विचारलं, व्याह्यांना हार घालून गळाभेट घ्यायची तुम्ही आणि ट्रम्पेटही वाजवणार तुम्ही, हे कसं जमायचं? मी म्हटलं, जमवीन. बायकांना नसत्या शंका फार.

२ नोव्हेंबर

पंचायतीनं आवाज मोजायचं मीटर आणलं. अध्यक्ष म्हणून ते माझ्या ताब्यात. दिवसभर मोजत होतो. उसाचा ट्रॅक्टर टेप लावून गेला, ब्याऐंशी. आमचा मिक्सर, शहाऐंशी. कडूबाईंनी गोठ्यातून सुनेला हाक मारली, एकोणनव्वद. शरिफाला मी सहज म्हटलं की मिक्सर बेकायदेशीर आहे. तिनं दिलेलं उत्तर मोजलं नाही.

देवळाच्या विश्वस्तांना आणि मशिदीच्या जमातीला समजावायला म्हणून मोठी तयारी करून गेलो, तर दोन्हीकडच्यांनी पारावर चहा पिता पिता आधीच भोंग्यांची बटणं खाली केली होती. समितीला विचारलंसुद्धा नाही. गावाच्या दृष्टीनं चांगलं झालं. मला जरा वाईट वाटलं.

९ नोव्हेंबर

लिहू की नको असं झालंय, पण बोललो तर गोळी वाढेल.

माझ्याच सूचनेवरून आज पंचायतीसमोर जाहीर प्रात्यक्षिक ठेवलं होतं. आधी अंगदचा डीजे वाजवायचा, आकडा सगळ्यांना दाखवायचा, मग आमचा बँड, म्हणजे सभ्य आवाज कशाला म्हणतात ते लोकांना कळेल. पार्टी लाल कोट घालून हजर. मीटर कडूबाईंच्या हातात, कारण त्या दोन्हीकडच्या नाहीत.

अंगदनं गाडी लावली, गाणं लावलं आणि एक गोल बटण बोटानं जरासं डावीकडं फिरवलं. बासष्ट. पोरं हिरमुसली. डीजे कसला, मोबाईल वाजतोय, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. पण बासष्ट म्हणजे बासष्ट.

मग आम्ही. मी हात वर केला आणि एक साधी लग्नाची चाल धरली. कडूबाईंनी मीटर डोळ्यांपासून लांब धरून वाचलं आणि मोठ्यानं सांगितलं, "सत्त्याण्णव हाय वं मास्तर."

मी म्हटलं, मीटर बिघडलंय. पुन्हा मोजलं, अठ्ठ्याण्णव. हळू वाजवून बघितलं. ट्रम्पेट हळू वाजवली की ती आजारी बकरीसारखी ओरडते. ढोल हळू वाजवला तर वाजवणाऱ्याचीच झोप उडत नाही. एवढं करून आकडा एक्याऐंशी. रोहिणीताई एकदा मीटरकडे, एकदा ठरावावरच्या माझ्या सहीकडे बघत होत्या. श्रीमंतअण्णा आनंदानं खोकत होते. हसला नाही तो फक्त अंगद. वायरी गुंडाळायचं सोडून खाली बघत उभा होता. त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

डीजेला बटण असतं. माझ्या ट्रम्पेटला नाही.

१० नोव्हेंबर

लिहिण्यासारखं काही नाही. मीटर सापडत नाही. शरिफा म्हणते, तिला माहीत नाही.

१५ नोव्हेंबर

निर्णय घेतला. अध्यक्षानंच कायदा मोडायचा तर गाव कुणाकडे बघेल? संध्याकाळची तालीम आजपासून बंद. कातडी पिशव्यांत वाद्यं भरून खोलीला कुलूप घातलं. पार्टीतले लोक खाली माना घालून गेले.

इन्शाला सांगितलं की वेशीवर बँड नसेल. आधी हसली, तिला वाटलं मी चेष्टा करतोय. मग म्हणाली, असू द्या अब्बा, त्यात काय. आणि आत जाऊन उगाच कपाट आवरत बसली. सरपंचांकडे जाऊन सूट मागा असं शरिफा म्हणाली. मी मागणार नाही. ज्या कागदावर माझी पहिली सही आहे त्याच कागदाला माझ्या मुलीसाठी भोक पाडायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही. आणि खरं सांगायचं तर अंगद बघत असताना तर मुळीच नाही.

२० नोव्हेंबर

म्हशीनं पुन्हा पान्हा चोरला. कडूबाई भिंतीवरून सांगत होत्या की चार दिवस झाले, डेअरीत घालायला दूध नाही, घरातल्या चहालाही विकत आणावं लागतं. मी ताबडतोब म्हणालो, अंगद. पण अंगदचा डीजे त्या प्रात्यक्षिकानंतर लगेच लग्नांच्या कामावर बाहेरगावी गेलाय. मग उसाचे ट्रॅक्टर असतील. मी रस्त्यावर उभं राहून दोन ट्रॅक्टरांचे टेप बंद करवले. म्हशीला काही फरक नाही.

२७ नोव्हेंबर

जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. म्हैस ठणठणीत आहे म्हणाले. खाते, रवंथ करते, कासेला सूज नाही. संध्याकाळी धारेच्या वेळी नुसते कान टवकारून भिंतीकडं बघत उभी राहते, असं कडूबाई सांगत होत्या. मला वाटतं भिंतीत साप असावा. तसं मी त्यांना सुचवलं, तेव्हापासून त्या गोठ्यात जायलाही भितात.

गावात आता खरंच शांतता आहे. अध्यक्ष म्हणून समाधान वाटायला हवं. संध्याकाळ झाली की करमत नाही, ओठ शिवशिवतात. शरिफा म्हणते, तुम्ही आणि ती म्हैस सारखेच दिसायला लागलात.

३ डिसेंबर

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

दिवस मावळायला मी ओट्यावर बसलो होतो आणि कानावर माझीच ट्रम्पेट आली. माझी सलामी, जी मी तालमीबाहेर कुणासमोर वाजवली नाही. खोलीला कुलूप तसंच. आवाज गोठ्यातून येत होता. मला वाटलं, कुणीतरी माझी टर उडवतंय. मीटर मागितलं तर शरिफानं मुकाट्यानं पिठाच्या डब्यातून काढून दिलं. मीटर घेऊन मी गोठ्यात शिरलो.

कडूबाई धारेला बसल्या होत्या. बादलीत फेस चढत होता. म्हैस डोळे मिटून रवंथ करत होती आणि दावणीपाशी, शेणात पाय घालून, अंगद एक छोटा स्पीकर मांडीवर घेऊन बसला होता. मला बघून तो ताडकन उठला. तेवढ्यात स्पीकरमधली ट्रम्पेट थांबली आणि माझाच आवाज आला, "गाढवा, पोटातून फुंक. गालात काय भाकरी धरलीय?"

कडूबाई मागं न बघता म्हणाल्या, "ह्या शिव्या आल्या की लईच धार लागती बगा."

मग सगळं कळलं. म्हैस धारेला भिंतीकडं बघत राहते हे ऐकून अंगदनंच ही युक्ती काढली होती. रोज संध्याकाळी तालीम आणि धार एकाच वेळेला. म्हैस रेडी होती तेव्हापासून भिंतीपलीकडची ट्रम्पेट ऐकूनच मोठी झाली. ट्रम्पेट वाजली की पान्हा सोडायचा, एवढंच तिला ठाऊक. गणपतीत तिनं पान्हा चोरला तो डीजेमुळं नव्हेच. आम्ही संगमनेरला होतो म्हणून. आणि त्या पुराव्यावर सारी समिती उभी राहिली, ठराव झाला आणि माझी सही.

मी अंगदला विचारलं, हे तुझ्याकडं कुठून आलं. तो स्पीकरशी चाळा करत म्हणाला, "तुमी शिकवायचा तवा मी मोबाईलमदी भरून घेतल्तं, वस्ताद. घरी गेल्यावर ऐकायला. गाडीत एकटा असलो की आजून लावतो."

एवढी वर्षं माझ्या शिव्या ऐकत तो गाडी चालवतोय. मी मीटर पुढं केलं. अठ्ठावन्न आलं. मी म्हटलं, नियमात आहे. तो म्हणाला, व्हय. मी घरी आलो आणि शरिफा दार लावायच्या आत रडलो. राग असला की ही वही कामाला येते. याला काय करायचं ते इन्शानं सांगितलेलं नाही.

७ डिसेंबर

ग्रामसभा. मीच बोलावून घेतली. उभा राहिलो आणि सांगितलं की पासष्टचा आकडा मी काढला होता आणि तो डीजे बंद पाडायला काढला होता, गावासाठी नाही. मला माझ्या मुलीच्या लग्नात वेशीपासून दारापर्यंत बँड वाजवायचा आहे, आणि जी मोकळीक बँडला मिळेल ती अंगदच्या डीजेलाही मिळाली पाहिजे. शेवटचं वाक्य म्हणायला जड गेलं, पण म्हटलं.

मग बरीच हमरीतुमरी झाली. ज्याच्या घरी लग्न त्याला आवाज हवा, ज्याच्या घरी आजारी त्याला नको, आणि महिन्याभरात माणसं इकडची तिकडं होतात. शेवटी रोहिणीताईंनी तोड काढली. दिवसा, वेशीपासून मांडवापर्यंत, अर्धा तास वाजवायला मोकळीक, बँड असो की डीजे. मात्र ज्या घरात आजारी, बाळंतीण किंवा अभ्यास असेल, त्यांनी दारावर पांढरं फडकं लावायचं. त्या दारासमोर सगळं बंद करून पायी पुढं जायचं. बाकी वेळ पासष्ट.

बँडच्या संध्याकाळच्या तालमीचं काय, असं कुणीतरी विचारलं. कडूबाई उठल्या आणि म्हणाल्या, "त्ये रोज झालंच पायजे. माझी लेखी मागनी हाय." ठराव एकमतानं मंजूर. श्रीमंतअण्णांनीसुद्धा हात वर केला.

२९ डिसेंबर

काल इन्शाचं लग्न झालं.

पाहुणे दुपारी वेशीवर आले. शरिफाचं शेवटी खरं निघालं. माझ्या एका हातात हार, एका हातात ट्रम्पेट, आणि व्याही समोरून हात पसरून येत होते. मी मागं वळून पाहिलं. अंगद कोपऱ्यात उभा होता, निमंत्रणाचा पाहुणा म्हणून. मी ट्रम्पेट त्याच्या हातात दिली. शरिफानं पिशवीतून लाल कोट काढला. ती तो कधीपासून जवळ बाळगून होती, देव जाणे. कोटाचं एकही बटण लागेना, इतका अंगद सुटलाय. तसाच घातला. सलामी त्यानं पहिल्या सुरापासून उचलली, एक जागा सोडली तर तंतोतंत.

आणि मी पहिल्यांदा मान वर करून बघितलं की घोड्यावर कोण बसलंय. अझहर घामाघूम झाला होता आणि घोड्यापेक्षा जास्त घाबरलेला होता. मला तो फार आवडला.

निम्म्या वाटेवर सगळं थांबलं. श्रीमंतअण्णांच्या दारावर पांढरं फडकं. बँड बंद, घोडा उभा, पाहुणे चपलांचा आवाज न करता चालायला लागले. बायका पदर तोंडाला लावून एकमेकींना खुणावत होत्या की अण्णांची तब्येत बिघडली वाटतं. आम्ही दारापर्यंत गेलो असू, तर अण्णा उघडेच बाहेर आले आणि एवढी माणसं मुकाट चाललेली बघून त्यांनी विचारलं, "कोन गेलं?"

ते त्यांचं धोतर होतं. वाळत घातलेलं. ते काढून त्यांनी काखेत मारलं आणि आम्हालाच ओरडले की थांबलात कशाला, वाजवा की. मग जो बँड वाजला तो संगमनेरपर्यंत ऐकू गेला असेल. मीटर मी नेलं नव्हतं.

३० डिसेंबर

घर रिकामं. इन्शाची खोली आवरलेली आहे, तेच बघवत नाही. शरिफा स्वयंपाकघरात भांडं आपटतसुद्धा नाहीये. सहज मीटर चालू केलं. एकतीस. गावातला सगळ्यात नियमात बसणारा कोपरा आज माझं घर आहे. ही असली शांतता मी मागितली नव्हती.

दिवस मावळायला भिंतीपलीकडून हाक आली, एकोणनव्वदच्या वरची असणार. "मास्तर, म्हस उबी हाय वं." मी उठलो नाही. मग तालमीच्या खोलीचं कुलूप उघडल्याचा आवाज झाला. किल्ली कुणाला दिलीस ते विचारायला मी आत पाहिलं, तर शरिफा पाठ करून उभी. अंगदनं खोलीत बसून सलामी सुरू केली आणि काल जी जागा सोडली होती, तीच आज पुन्हा सोडली.

मी चप्पल न घालता तिकडं गेलो आणि दारातूनच ओरडलो, "गाढवा, पोटातून फुंक."

भिंतीपलीकडं कडूबाई म्हणाल्या, "आली, धार आली."